दुसरी लाईन चालू असल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी तथा चौकशी अधिकारी,
ग्राम वन्यजीव इशारा प्रकल्प,
विभागीय कक्ष, चंद्रपूर.

अर्जदार : सुरेंद्र बापूजी निकुरे, वय ३४, संगणक परिचालक, ग्रामपंचायत सावलटोला, ता. नागभीड, जि. चंद्रपूर.

विषय : दि. ४ एप्रिल २०२५ च्या घटनेच्या चौकशी अहवालातील "इशारा वेळेत पोहोचला" हे वाक्य खोडून कसूर अर्जदाराच्या नावे लिहिण्याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ :
१) आपला चौकशी अहवाल, दि. ११ एप्रिल २०२५.
२) अर्जदाराचे अर्ज, दि. २३ एप्रिल, ५ मे व १९ मे.
३) आपल्या कार्यालयाची उत्तरे, दि. २ मे, १४ मे व २२ मे.
४) श्रीमती शकुबाई मुखरू गुरनुले यांचा कबुलीजबाब, दि. १७ मे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, पहिल्या अर्जात अर्जदाराने सगळीकडे "मी" लिहिले होते. तो अर्ज घेताना आपल्या लिपिकांनी सांगितले की सरकारी कागदात "मी" नसतो, "अर्जदार" असतो. म्हणून या अर्जात अर्जदाराने स्वतःला बाहेर काढून खुर्चीवर बसवले आहे आणि त्याने काय केले ते दुसऱ्याचे सांगावे तसे सांगितले आहे. तसे सांगणे सोपे जाते, असा अनुभव आहे.

२. सावलटोला हे जंगलाच्या कडेचे एकशे बारा घरांचे गाव. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोह. मोहाचे फूल पहाटे गळते आणि सूर्य वर आला की जनावरे आणि माकडे ते राहू देत नाहीत, म्हणून बायका साडेचारला टोपल्या घेऊन निघतात. मुखरू गुरनुले हयात होते तेव्हा पद्धत अशी होती की पुढे एक माणूस डबा वाजवत जायचा, मागे बायका जोरजोरात बोलत जायच्या आणि नाल्यापाशी सगळे उजाडेपर्यंत थांबायचे. अर्धा मोह जनावरे खायची. पण माणसे परत यायची.

३. चार वर्षांपूर्वी आपल्या प्रकल्पातून गावाला सर्व्हर मिळाला. सर्व्हर म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटावर ठेवलेला एक लहान संगणक. कोणत्या रानात आज जाऊ नये हे तांबड्या रंगात दाखवणारे एक पान त्याच्यावर आहे. ते पान बायका पाहत नाहीत, म्हणून सर्व्हरच इंटरनेटवरून फोन लावतो. गावात मोह वेचणाऱ्या बायकांच्या चार टोळ्या आहेत आणि प्रत्येक टोळीचे रान ठरलेले आहे. ज्या रानात वाघ दिसला त्या रानाच्या टोळीच्या प्रमुख बाईला तेवढा एक फोन जातो, आणि फोनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो. तो आवाज अर्जदाराचा आहे. नाल्याकडच्या टोळीच्या प्रमुख होत्या शकुबाई, म्हणजे मुखरूंच्या विधवा.

४. नेट गेले तर काय, हा प्रश्न तेव्हाच निघाला होता. म्हणून आपण दोन लाईन दिल्या. पहिली जमिनीतून येणाऱ्या तारेची. दुसरी सिमकार्डाची, वेगळ्या कंपनीची, आणि तिचा टॉवरही वेगळ्या गावात. पहिली बंद पडली की सर्व्हर आणि या दोन लाईन यांच्या मधला डबा आपोआप दुसरीवर जाणार. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी सांगितले की आता हे गाव एका पायावर नाही, दोन पायांवर उभे आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदारानेही वाजवल्या, त्याला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

५. पुढे गावाने स्वतःहून एक नियम केला. तो कुठल्या कागदावर नाही, पण घटनेचे मूळ तिथे आहे, म्हणून नोंदवतो. फोन वाजला तर जायचे नाही. फोन वाजला नाही तर वाट मोकळी. दोनच वर्षांत डबा वाजवणारा माणूस बंद झाला, नाल्यापाशी थांबणे बंद झाले. वनमजूर बिरजू पूर्वी वाघाचा माग दिसला की टोल्यात, म्हणजे वस्तीत, ओरडत फिरायचा. त्याच्या कामाच्या कागदात नवीन ओळ आली की त्याने सर्व्हरचे बटण दाबावे, आणि त्याचे ओरडणेही थांबले. महोदय, पूर्वी आमचे गाव वाघाला भीत होते. नंतर ते शांत फोनवर विसंबून राहू लागले.

६. आता अर्जदाराची चूक. ही चूक मागील तिन्ही अर्जांत लिहिली होती, पण ती तांत्रिक भाषेत लिहिल्यामुळे कोणी वाचली नसावी असे वाटते. या वेळी बायकांना सांगावी तशी सांगतो.

पहिली लाईन जिवंत आहे की मेली, हे मधला डबा दर अर्ध्या मिनिटाला तपासतो. तपासतो म्हणजे लांबच्या एखाद्या पत्त्याला हाक मारतो आणि ओ येते का ते ऐकतो. ओ आली नाही की दुसरी लाईन धरतो. मागल्या वर्षीच्या मोहात विजा फार झाल्या, तारेची लाईन मिनिटात जायची मिनिटात यायची, आणि डबा इकडून तिकडे उड्या मारायचा. लावलेला फोन अर्ध्यात तुटायचा, पुन्हा लागायचा. एका वाघाचे चार-चार फोन. एकीला वाटे चार वाघ आले, दुसरीला वाटे मशीन बिघडली. शकुबाईंच्या टोळीने तर एका वाघापायी तीन दिवस मोह सोडला. त्या वर्षीच्या १ मेच्या ग्रामसभेत बायका माझ्यावर, म्हणजे अर्जदारावर, तुटून पडल्या. "वाघ एक तं फोन एक, नाई तं काढून फेक ते मशीन," असा ठरावच झाला. तो पान ४७ वर आहे.

अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी ठरावाची अंमलबजावणी केली. लांबच्या पत्त्याला हाक मारण्याऐवजी, कंपनीने त्याच खोलीच्या भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या डब्याला हाक मारायची, असे बदलून टाकले. त्या दिवसापासून उड्या बंद झाल्या. एका वाघाला एकच फोन. बायका खूश, सरपंच खूश, अर्जदाराच्या पाठीवर थाप पडली. भिंतीवरच्या डब्याला वीज असली की तो ओ देतो. पुढे तार तुटली आहे का, हे त्याला कोणी विचारतच नाही. गाव जागे आहे का हे पाहायला आपल्याच घरातल्या माणसाला हाक मारावी, तसे हे झाले. हे अर्जदाराला तेव्हा कळायला हवे होते. त्याने संगणकाचा कोर्स नागपुरात केला आहे, तो अडाणी नाही.

७. दि. ३ एप्रिलला संध्याकाळी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने गावापासून दोन किलोमीटरवर तार तोडली. भिंतीवरचा डबा मात्र ओ देत राहिला. मधला डबा पहिल्या लाईनलाच धरून बसला.

दि. ४ एप्रिलला पहाटे बिरजूला नाल्याच्या रेतीत पिल्लांसह वाघिणीचा ताजा माग दिसला. तो सायकलने ग्रामपंचायतीत आला, त्याच्याकडच्या किल्लीने खोली उघडली आणि चार वाजून बारा मिनिटांनी नाल्याच्या रानाचे बटण दाबले. पडद्यावर "रवाना" असे आले. त्याने आपले काम केले होते, तो चौकीवर परत गेला. बिरजूवर कसलाही ठपका ठेवू नये ही विनंती.

"रवाना" याचा अर्थ सर्व्हरने निरोप लाईनच्या तोंडाशी नेऊन ठेवला, एवढाच. निरोप तिथेच पडून राहिला. आणि महोदय, त्याच वेळी दुसरी लाईन ठणठणीत चालू होती. अर्जदाराने नंतर तिचा हिशेब पाहिला, त्या पहाटे ती एका मिनिटासाठीसुद्धा गेलेली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कोणी वळसासुद्धा घातला नाही. दुसऱ्या लाईनला कोणी विचारलेच नाही.

८. शकुबाईंचा फोन वाजला नाही. म्हणून वाट मोकळी. साडेचारला त्या सात बायका घेऊन निघाल्या, त्यात त्यांची सून दिव्यानी होती. दिव्यानीचे वय तेवीस. ती नाल्याच्या अलीकडच्या मोहाखाली वाकून वेचत होती. पुढचे अहवालात आहे, त्यात अर्जदाराला एक अक्षरही वाढवायचे नाही.

९. जे अहवालात नाही ते असे. साडेनऊच्या सुमारास दिव्यानीला घरी आणले होते. अंगणात सगळा टोला जमला होता. शकुबाई खाली बसल्या होत्या, टोपली अजून त्यांच्या हातात होती, आणि फोन त्या टोपलीत, मोहाच्या फुलांवर पडलेला होता. कंपनीच्या माणसांनी तेवढ्यात तार जोडली असणार. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तो फोन वाजला. कोणीतरी सवयीने बटण दाबले. भर अंगणात अर्जदाराचा आवाज आला, "शकुबाई, नाल्याकडच्या रानात वाघ आहे. आज कोणी जाऊ नका."

लोकांना वाटले की घटना घडून गेल्यावर वनवाल्यांना जाग आली आणि त्यांनी आता नवीन सूचना सोडली. दोघा-तिघांनी शिव्याही घातल्या. अर्जदार तिथे तुळशीजवळ उभा होता. त्याला त्या क्षणी सगळे कळले. चार-बाराचा निरोप नऊ-एक्केचाळीसला आला, तो का आला, आणि कोणाच्या हाताने अडकला, हे सगळे. अर्जदार काही बोलला नाही. त्याची नोकरी कंत्राटी आहे, घरी दोन लेकरे आहेत. ही कारणे आहेत, सबब नव्हे.

१०. चार दिवसांनी आपले पथक आले. पथकाने सर्व्हरची नोंदवही मागितली. अर्जदाराने स्वतःच्या हाताने ते पान छापून, त्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का मारून दिले. त्यात लिहिले होते, नाल्याचे रान, वेळ ०४:१२, रवाना. निरोप प्रत्यक्ष केव्हा पोहोचला हे लिहिण्याचा रकाना त्या वहीत नाहीच. पथकातल्या साहेबांनी "रवाना" पुढे पेनाने "म्हणजे पोहोचला" असे लिहिले आणि अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने मान हलवली. अहवालावर साक्षीदार म्हणून पहिली सही त्याचीच आहे.

अहवालाचा निष्कर्ष असा निघाला की, इशारा वेळेत पोहोचला, तो टोळीप्रमुखाने दडवला, आणि मृत महिला त्यामुळे रानात गेली. इतर बायकांनी सांगितले की आम्ही फोन ऐकला नाही. पण चार-बाराला त्या आपापल्या घरी होत्या. शकुबाईंच्या घरात त्या वेळी दोघीच, शकुबाई आणि दिव्यानी. म्हणजे फोन वाजला नाही असे सांगू शकेल असे दुसरे माणूस जगात राहिलेले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर साक्षीदाराच्या खुर्चीत बसला होता.

११. शकुबाईंचा मुलगा आदेश घुग्घुसला कारखान्यात पाळीवर आहे. अहवालाची प्रत त्याच्या हातात पडली. तो शिकलेला आहे, त्याने ती तीन वेळा वाचली. त्या दिवसापासून त्याने आईच्या हातचे पाणी सोडले. शकुबाई गोठ्यात राहायला गेल्या. टोल्यातल्या बायकांनी त्यांच्यासोबत बोअरिंगवर जाणे बंद केले. लोभी म्हातारी, चार फुलांसाठी सून घातली वाघाच्या तोंडात, असे पोरेसोरेही बोलू लागली.

त्या घटनेच्या दुसऱ्या दिवसापासूनच रोज सकाळी ग्रामपंचायतीत यायच्या. दारात उभ्या राहून अर्जदाराला एकच विचारायच्या, "बाबू, माहा फोन वाजला होता का रे? तुह्या मशीनले विचारून सांग ना. मले तं काही आठवूनच नाई राह्यलं." आणि अर्जदार रोज सांगायचा, "पाहतो, शकुबाई." असे त्याने एकोणीस दिवस सांगितले. आज हे टाइप करताना त्याची त्याला लाज वाटते, आणि ही ओळ काढून टाकण्याचा मोह दोनदा झाला, पण ठेवली आहे.

१२. दि. २३ एप्रिलला अर्जदाराने पहिला अर्ज केला आणि कसूर कबूल केली. आपले उत्तर आले की, परिचालकास यंत्रणा चालविण्याचा अधिकार आहे, यंत्रणेविषयी मत देण्याचा नाही.

दुसऱ्या अर्जात त्याने विनंती केली की प्रत्यक्ष तपासणी करावी. आपले तंत्रज्ञ आले. अर्जदाराने २३ एप्रिलला दुरुस्त केलेली ओळ तपासणीपुरती पुन्हा ४ एप्रिलसारखी करून ठेवली होती. त्यांनी भिंतीवरच्या डब्यातून मधल्या डब्याकडे जाणारी पिन उपटली. पिन उपटल्यावर पांढऱ्या डब्याची ओ येणे बंद झाले, आणि मधला डबा लगेच दुसऱ्या लाईनवर गेला. तंत्रज्ञांनी टाळी वाजवून दाखवली आणि "यंत्रणा निर्दोष" असे प्रमाणपत्र दिले. अर्जदार हात जोडून म्हणत होता की साहेब, पिन इथे नको, दोन किलोमीटरवर तार तोडून पाहा. त्यांनी सांगितले की सरकारी तार तोडणे हा गुन्हा आहे. ते खरेच आहे.

या दुसऱ्या अर्जाच्या उत्तराचा पुढचा भाग अर्जदाराला पाठ झाला आहे. "प्रकल्पास दोन लाईन असल्याने इशारा न पोहोचणे संभवत नाही. दोन्ही लाईन एकाच वेळी बंद होत्या असे अर्जदाराने सिद्ध करावे." महोदय, हे सिद्ध कसे करावे? दोन्ही बंद नव्हत्याच. दुसरी चालू होती, हेच तर अर्जदार पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत आहे. ती बंद असती तर दोष ढगांचा किंवा जेसीबीचा असता. ती चालू होती म्हणून दोष अर्जदाराचा आहे. आपल्या कार्यालयाने मात्र "दुसरी लाईन चालू होती" हे त्याचेच वाक्य उचलून, सबब यंत्रणा चालू होती, असे लिहून प्रकरण निकाली काढले.

तिसऱ्या अर्जाला उत्तर आले की तक्रार यापुढे कागदावर न करता सर्व्हरच्याच पानावर "अभिप्राय" या ठिकाणी नोंदवावी. ते पान अर्जदारानेच बनवले आहे. त्यात दोन पर्याय आहेत, "समाधानी" आणि "अत्यंत समाधानी". तिसरा पर्याय टाकण्यास आपल्याच कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी मनाई केली होती.

१३. एक पुरावा अजून शिल्लक आहे. शकुबाईंच्या नंबरवर त्या पहाटे फोन आला की नाही, हे फोन कंपनीच्या नोंदीत असणार. त्यांच्या फोनमध्ये शेवटचे वीसच फोन राहतात, आणि सांत्वनाला इतक्या नातेवाइकांचे फोन आले की ४ तारीख त्यातून कधीच गळून गेली. नोंद पाहू, एवढेच सांगून अर्जदार त्यांना घेऊन नागभीडला कंपनीच्या दुकानात गेला. दुकानातल्या मुलीने पाहिले, सिम मुखरू गुरनुले यांच्या नावावर आहे. नोंद ज्याच्या नावावर सिम त्यालाच मिळते, त्यांना घेऊन या, असे ती म्हणाली. मुखरूंना जाऊन सहा वर्षे झाली, असे सांगितल्यावर ती म्हणाली की मग हा नंबर आजच बंद करावा लागेल. शकुबाईंनी फोन पदरात लपवला. दोघे तसेच बसने परत आले. ही नोंद आपल्या एका पत्रावर मिळू शकते. मागील तिन्ही अर्जांत हेही मागितले होते.

१४. दि. १७ मेला आपले लिपिक गावात आले आणि शकुबाईंचा कबुलीजबाब घेऊन गेले. "फोन वाजला होता, मी ऐकला, तरी मोहाच्या लोभाने कोणाला सांगितले नाही." खाली डाव्या हाताचा अंगठा. अर्जदाराला हे संध्याकाळी कळले.

जबरदस्ती झाली असे त्याचे म्हणणे नाही. आदेशने आईला सांगितले होते, "मले दुसरं काही नाई पाहिजे. एकदा खरं बोल अन् घरात ये." तो वाईट मुलगा नाही. त्याची बायको गेली आहे, आणि त्याच्या हातात शिक्का मारलेला कागद आहे. शकुबाई महिनाभर गोठ्यात निजल्या होत्या. त्यांनी कागदात जे होते तेच तोंडाने म्हटले, आणि त्याच दिवशी मुलाने त्यांना घरात घेतले, ताटात वाढून दिले. गावात सगळे म्हणाले, चला, मिटले एकदाचे.

अर्जदार आदेशकडे गेला, त्याला ओसरीवर बसवून सगळे सांगितले, भिंतीवरचा डबा, मधला डबा, सगळे. आदेशने शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "सुरेंद्रभाऊ, त्या अहवालावर तुमचीच सही हाये. तवा खोटं बोलले का आता बोलून राह्यले? कागदावर आणा, मग पाहू."

१५. दरम्यान आपल्या कार्यालयाचे पत्र आले आहे की, दोन लाईनच्या उत्तम वापराबद्दल सावलटोल्याची निवड आदर्श म्हणून झाली असून, येथील मांडणी जशीच्या तशी गोंडपिपरीकडच्या व गडचिरोली जिल्ह्यातील एकंदर चाळीस गावांत उतरवण्यात येईल, आणि ५ जूनला अर्जदाराने शाल-श्रीफळ घेण्यास चंद्रपूरला यावे. अर्जदार येणार नाही. जशीच्या तशी म्हणजे भिंतीवरच्या डब्याला हाक मारणाऱ्या ओळीसकट, हे कृपया कोणीतरी समजून घ्यावे. ती ओळ कशी बदलायची हे अर्जदाराने सोबत लिहून दिले आहे, पाच मिनिटांचे काम आहे. सावलटोल्यात त्याने ती २३ एप्रिललाच बदलली. त्याबद्दल विनापरवानगी फेरफार केला म्हणून त्याला जी नोटीस आली आहे, ती त्याला मान्य आहे.

१६. हा अर्ज काल संध्याकाळीच पूर्ण व्हायचा होता. आज सकाळी तो लिहीत असताना शकुबाई आल्या. स्वच्छ लुगडे नेसल्या होत्या, आता घरात राहतात ते दिसत होते. त्या पूर्वीसारख्या काही विचारायला आल्या नव्हत्या. अर्जदारानेच उठून त्यांना खुर्ची दिली, आणि जे पहिल्या सकाळी सांगायला हवे होते ते बावन्नाव्या दिवशी सांगितले. शकुबाई, तुमचा फोन वाजला नव्हता. चूक माझी आहे. तुम्ही काहीही दडवले नाही.

त्यांनी ऐकले. मग उठून अर्जदाराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माह्यासाठी कायले खोटं बोलतं बाबू? तुले लेकरं हायेत, नोकरी जाईन. वाजला होता रे. मले आता चांगलं आठवते. दिव्यानीनंच मले म्हटलं, आई, फोन वाजून राह्यला. अन् मीच म्हटलं, वाजू दे."

महोदय, दिव्यानी असे कधीच बोललेली नाही. त्या पहाटे त्या घरात असे काही घडले नाही. हे वाक्य आमच्या नोंदवहीच्या एका पानातून निघाले, आपल्या अहवालातून गेले, कबुलीजबाबातून गेले, आणि आता ते त्या बाईच्या डोक्यात सुनेच्या आवाजात बोलत आहे. ती उरलेले आयुष्य ते ऐकत राहील. अर्जदाराने आणखी तासभर परोपरीने सांगितले, कपाटावरचा संगणक दाखवला, तारा दाखवल्या. त्या मान हलवत राहिल्या, जशी एखाद्या भल्या माणसाच्या थापेला हलवावी तशी. जाताना अर्जदाराच्या लेकरांसाठी पदरातून चार टेंभरं, म्हणजे तेंदूची फळे, काढून टेबलावर ठेवून गेल्या.

अर्जदाराच्या शब्दाला आता किंमत नाही, ती त्याने एकोणीस दिवसांत स्वतःच घालवली. आदेशला त्याचे खरे वाटत नाही, शकुबाईंना त्याची दया वाटते. दोघांनाही शिक्का तेवढा खरा वाटतो. म्हणून विनंती पुढीलप्रमाणे.

अ) कंपनीकडून दि. ४ एप्रिलची त्या नंबरची नोंद मागवावी.
ब) आपल्या २२ मेच्या उत्तरात कळविल्याप्रमाणे दि. ३१ मेला प्रकरण कायमचे बंद होण्यापूर्वी अहवालातील ते वाक्य खोडावे, कबुलीजबाब ग्राह्य धरू नये आणि कसूर अर्जदाराच्या नावे लिहावी. त्याबद्दल जी कारवाई होईल तिला अर्जदाराची हरकत नाही, खुलासा मागण्याचीही गरज नाही.
क) हे दोन्ही शक्य नसल्यास, निदान सोबतच्या परिशिष्ट ५ वर आपली सही आणि गोल शिक्का मारून ते टपालाने शकुबाईंच्या नावे पाठवावे. आदेश वाचून दाखवील.

उत्तराच्या नव्हे, शिक्क्याच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र व दोषी,
(सही)
सुरेंद्र बापूजी निकुरे
सावलटोला, दि. २६ मे २०२५

सोबत :
१) ग्रामसभा ठराव, पान ४७ ची प्रत.
२) दुसऱ्या लाईनचा दि. ३ व ४ एप्रिलचा हिशेब. ती चालू होती.
३) बदलायची ओळ, चाळीस गावांसाठी, मराठीत समजावून.
४) तार जोडल्याची वेळ लिहून दिलेली चिठ्ठी, रस्त्यावरच्या मुकादमाच्या सहीने.
५) शकुबाईंना पाठवायच्या पत्राचा मसुदा, खालीलप्रमाणे :

"श्रीमती शकुबाई मुखरू गुरनुले यांना कळविण्यात येते की, दि. ४ एप्रिल २०२५ रोजी पहाटे आपला फोन वाजला नव्हता. आपल्या सूनबाईंनी आपल्याला काहीही सांगितले नव्हते."